सेइजी ओझावा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात जपानी कंडक्टर सेइजी ओझावा यांच्या कारकिर्दीचा पानभर आढावा छापला होता. १९३५ साली मांचुरियातल्या आजच्या शेनयांग शहरात जन्म, टोकियोत शिक्षण, टोरांटो, सॅन फ्रान्सिस्को आणि बॉस्टन इथल्या वाद्यवृंदांचे संचालकपद, शेवटी व्हिएन्ना स्टेट ऑपेरा, आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी टोकियोत निधन, एवढा त्याचा गोषवारा. त्यावर आलेली पत्रे जवळपास सगळी नागपूरचीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावांऐवजी फक्त वस्ती दिली आहे.

प्रश्न (महाल) : आमच्या घरी सगळे विचारून राहिले की तो हात हलवणारा माणूस नेमके करतो तरी काय? वादकांसमोर नोटेशन असते, ते वर्षानुवर्षे वाजवत आलेले असतात. ऐंशी जणांना त्याची गरज कशाला?

उत्तर : बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात घ्या. ते चार स्वर बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहेत. ताल २/४ आहे, आणि बीथोव्हनने दिलेली गती मिनिटाला १०८ अर्धस्वर (दोन मात्रांचे स्वर) अशी आहे. म्हणजे एक संपूर्ण मात्राखंड ०.५६ सेकंदात संपतो आणि त्याला हाताचा एकच ठोका मिळतो. खंडाची सुरुवात स्वराने होत नाही. आधी सुमारे ०.१४ सेकंदाची शांतता आहे, मग तीन झटपट स्वर, आणि पुढच्या खंडात तो लांब धरलेला चौथा. सगळ्या तंतुवाद्यांनी आणि दोन क्लॅरिनेटनी हे एकदम उचलायचे. ठोका पडतो तो शांततेवर! कंडक्टरच्या हातात असते ती फक्त त्याआधीची एक उचल. गती, जोर आणि गजाचा दाब हे तिन्ही त्या अर्ध्या सेकंदाच्या उचलीतून कळले पाहिजे.

चूक इथे दोन प्रकारे होते. घाबरलेला कंडक्टर हवेत एक-दोन ठोके जास्तीचे देतो. ते त्याने तालमीत सांगितलेले नसेल, तर एखादा व्हायोलिनवाला पहिल्याच ठोक्यावर निघतो. दुसरी अडचण त्या धरलेल्या स्वराची. तो तोडायची खूण आणि पुढची उचल एकाच हालचालीत करायची, की मध्ये श्वास घ्यायचा, हे आधी ठरलेले हवे. शिवाय पहिल्यांदा धरलेला स्वर एक खंड लांब आहे आणि दुसऱ्यांदा तो दोन खंडांचा आहे. ऐकणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही, पण वादक मोजत असतात.

आता अंतराचे पाहा. व्यासपीठाच्या मागच्या रांगेतला टिंपनीवादक (मोठे नगारे वाजवणारा) पुढच्या व्हायोलिनपासून १५ मीटरवर असेल, तर आवाज त्याच्यापर्यंत पोहोचायला ०.०४४ सेकंद लागतात. तो ऐकून वाजवू लागला, तर त्याचा ठोका प्रेक्षकांकडे जाईस्तोवर दुप्पट उशीर झालेला असतो. म्हणून मागच्यांनी कानापेक्षा काठीवर भरवसा ठेवायचा, आणि पुढच्यांनी काठीइतकाच एकमेकांवर.

पण हे झाले मैफलीतले काम, आणि ते तुलनेने थोडे आहे. खरे काम त्याआधी उरकलेले असते. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाला एका कार्यक्रमासाठी साधारण चार तालमी मिळतात, प्रत्येकी अडीच तासांची. म्हणजे हातात दहा तास, त्यातून मध्यंतर वजा. मालरची ८० मिनिटांची सिंफनी असेल, तर सगळी एकदा वाजवून पाहण्यातच सव्वा-दीड तास जातो. उरलेल्या वेळात कुठे थांबायचे आणि कुठे न थांबता पुढे जायचे, हे कंडक्टरने घरीच ठरवून यायचे असते. ओझावा पहाटे उठून स्वरलिपी वाचत बसत, आणि मैफलीत बहुतेक वेळा समोर वही नसे. पाठांतर दाखवायचे म्हणून ते नव्हते. मान खाली न घालता ऐंशी चेहऱ्यांकडे पाहता येते, हा त्याचा उपयोग.

प्रश्न (रामदासपेठ) : बोटे मोडल्यामुळे ते पियानोकडून इकडे वळले असे छापले होते. मग नुसत्या हातवाऱ्यांचे शिक्षण असते तरी कसले? ‘साइतो पद्धत’ म्हणजे काय?

उत्तर : रग्बी खेळताना बोटांना इजा झाली आणि पियानिस्ट होण्याचा विचार मागे पडला, हे खरे. पुढे हिदेओ साइतो (१९०२–१९७४) हे गुरू मिळाले. साइतो मूळचे चेलोवादक, लाइपझिग आणि बर्लिनला शिकून आलेले. जपानला पाश्चात्त्य संगीताची परंपरा नव्हती, त्यामुळे ‘ऐकून ऐकून येईल’ असे म्हणून चालणार नव्हते. म्हणून त्यांनी हाताच्या हालचाली सुट्या करून, नावे देऊन शिकवल्या आणि १९५६ साली ती पद्धत छापून मांडली. टोकियोच्या तोहो गाकुएन संस्थेत हे शिक्षण होत असे.

त्यातल्या तीन हालचाली समजल्या तरी पुष्कळ. ‘ताताकी’ म्हणजे आघात : हात वरून सैल सोडायचा, खाली येताना त्याचा वेग वाढतो, ठरलेल्या बिंदूवर तो आदळल्यासारखा होतो आणि तिथूनच उसळतो. वादकांना ठोक्याची जागा अचूक दिसते. ‘शाकुई’ म्हणजे उपसणे : तोच मार्ग, पण तळाशी कोपरा न करता वळण घ्यायचे, वेगातला फरक कमी ठेवायचा. स्वर एकमेकांना जोडून हवे असतील तेव्हा ही हालचाल कामाची. ‘हेइकिन उंदो’ म्हणजे समगती : वेग कुठेच वाढत नाही, बिंदू जवळजवळ नाहीसा होतो, आणि लांब, सलग ओळ मिळते. विद्यार्थ्याचा हात नेमका बिघडतो तो ताताकीत. तो हात सोडण्याऐवजी खाली ढकलतो. मग खांदा ताठरतो, उसळी मरते, आणि प्रत्येक ठोक्यानंतर गती कणाकणाने रेंगाळते. त्रितालात टाळी-खाली दाखवणाऱ्या आपल्या मुलांनाही हा दोष लवकर समजतो, कारण तिथेही टाळीची जागा आधीच्या उचलीवरून ठरते.

ओझावांची स्पष्टता या शिक्षणातून आली. १९५९ साली ते मालवाहू जहाजाने फ्रान्सला निघाले, तेव्हा सोबत जपानी कंपनीने दिलेली एक स्कूटर होती. त्याच वर्षी सप्टेंबरात, वयाच्या २४व्या वर्षी, त्यांनी तिथली बेझाँसोंची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली. अर्जाची मुदत खरे तर टळली होती. पॅरिसच्या अमेरिकन वकिलातीतून रदबदली झाली म्हणून नाव घेतले गेले. परीक्षकांमधल्या शार्ल म्युंश यांनी अमेरिकेला टँगलवूडला, म्हणजे बॉस्टनच्या वाद्यवृंदाच्या उन्हाळी संगीतशाळेत, बोलावले. तिथे १९६० साली कुसेवित्स्की पारितोषिक मिळाले. त्यानंतर बर्लिनला नामवंत कंडक्टर कारायान यांच्याकडे शिकणे, आणि १९६१ पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये तिथले संचालक बर्नस्टाइन यांचे सहायक. पंचविशी-सव्विशीत इतके सगळे.

प्रश्न (बजाजनगर) : जपानमध्येच त्यांच्यावर बहिष्कार पडला होता असे कुठेतरी वाचले. खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. १९६२ साली ते एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर काम करत असताना वादकांनी त्यांच्या हाताखाली वाजवायला नकार दिला आणि डिसेंबरमधले कार्यक्रम रद्द झाले. २७ वर्षांचा, परदेशात नाव झालेला तरुण आणि जर्मन शिस्तीत मुरलेले, वयाने मोठे वादक, अशी ती जोडी होती. पुढच्या जानेवारीत लेखक-संगीतकारांनी एकत्र येऊन त्यांच्यासाठी दुसऱ्या वाद्यवृंदासोबत मैफल घडवून आणली. एनएचकेसमोर ते पुन्हा उभे राहिले १९९५च्या जानेवारीत, ३२ वर्षांनी. मधल्या काळात जपानमध्ये काम सुरूच होते. १९७२ साली न्यू जपान फिलहार्मोनिकच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता.

प्रश्न (धंतोली) : ऑर्केस्ट्रा सांभाळणारा ऑपेराही सांभाळू शकतो, यात वेगळे कौतुक ते काय? संगीत नाटकात ऑर्गनवाला गायक नटाला सांभाळतोच की. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात आम्ही ते डोळ्यांनी पाहतो.

उत्तर : तुलना चांगली आहे, तिथूनच सुरू करू. नाट्यपदात गायक नट तान वाढवतो, एखादी ओळ पुन्हा घेतो, आणि ऑर्गन-तबला त्याच्या मागे जाऊन समेवर भेटतात. वाजवणारे दोघे-तिघे, नजर आणि कान पुरतात. ऑपेरात स्वरांची लांबी लिहिलेली असली, तरी गायकाचा श्वास, वरच्या स्वरावरचे थांबणे आणि त्या दिवशीचा घसा हे रोज बदलते. त्यानुसार वळवायची असतात साठ-सत्तर माणसे, आणि ती बसलेली असतात रंगमंचासमोरच्या खोलगट पिटमध्ये. तिथून बहुतेकांना गायक दिसत नाही आणि नीट ऐकूही येत नाही. दोन्हीकडे पाहू शकणारा माणूस एकच असतो.

नव्या ऑपेराच्या तालमी साधारण चार ते सहा आठवडे चालतात. आधी गायक आणि पियानो, मग दिग्दर्शकासोबत हालचाली, त्याही पियानोवरच. ऑर्केस्ट्राच्या तालमी वेगळ्या होतात. मग ‘झिट्झप्रोबे’ : गायक आणि ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा एकत्र, अभिनय नाही, गायचे फक्त. त्यानंतर पिट आणि रंगमंच मिळून, आणि शेवटी वेशभूषेसह रंगीत तालीम. गोंधळ उडतो तो बहुधा झिट्झप्रोबेला. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो, म्हणून गायकांना तिथे थोडी जलद गती सोयीची वाटते. ऑर्केस्ट्राचा स्वर भरून राहतो, आणि महिनाभर घोटलेली गती एकाएकी घाईची वाटू लागते. जाणता कंडक्टर पियानोच्या तालमीतच ऑर्केस्ट्राची गती धरून ठेवतो, गायक कुरकुरले तरी.

दुसरा घोळ पडद्यामागच्या कोरसचा. ३४ मीटर अंतरासाठी आवाजाला ०.१ सेकंद लागतो, म्हणून विंगेतला सहायक कंडक्टर छोट्या पडद्यावर मुख्य कंडक्टरचा हात पाहून किंचित आधी ठोका देतो. डिजिटल पडदे आल्यावर त्यांच्यातच चित्र उशिरा उमटू लागले. म्हणून काही ऑपेरागृहांनी जुने काचेच्या नळीचे पडदे बरीच वर्षे जपून ठेवले.

ओझावांना हे सगळे तुलनेने उशिरा करायला मिळाले. सिंफनी आणि ऑपेरा ही एकाच गाडीची दोन चाके आहेत असे कारायान त्यांना सांगत, असे ओझावा नेहमी म्हणत. पहिला मोठा ऑपेरा १९६९ साली साल्झबुर्गला, मोत्सार्टचा ‘कोझी फान तुत्ते’. त्या वेळी ते ३३ वर्षांचे होते आणि टोरांटोच्या सिंफनी वाद्यवृंदाची चार वर्षे पुरी होत आली होती. पुढे मिलानच्या ला स्कालात ‘तोस्का’ केला. प्रमुख भूमिकेत पाव्हारोत्तींसारखा विख्यात गायक असूनही प्रेक्षकांनी कंडक्टरची हुर्यो उडवली. इटालियन ऑपेरात कुठे थांबायचे आणि कुठे ओढायचे याचे अलिखित संकेत असतात, वरच्या गॅलरीतल्या माणसाला ते पाठ असतात, आणि स्वरलिपीत ते सापडत नाहीत.

याउलट जिथे परंपराच नव्हती तिथे ते बिनतोड ठरले. २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पॅरिसला फ्रेंच रचनाकार मेसियाँच्या एकमेव ऑपेराचा, ‘सेंट फ्रान्स्वा दासीझ’चा पहिला प्रयोग त्यांनी केला. चार तासांहून अधिक संगीत, १५० गायकांचा कोरस, तीन ओंद मार्तनो ही विजेवर चालणारी वाद्ये, आणि पक्ष्यांच्या आवाजांवर बेतलेले, प्रत्येक वाद्याचा वेगळा ताल असणारे लांबच लांब प्रवेश. साइतोंच्या शाळेत घडलेला हात इथे कामाला आला. आमच्या मते ऑपेरातले त्यांचे सर्वांत मोठे काम हेच.

प्रश्न (प्रतापनगर) : बॉस्टनला २९ वर्षे एकाच खुर्चीत! तिथून थेट व्हिएन्ना. हे जरा जास्तच नाही का?

उत्तर : पहिल्याचे उत्तर हो. १९७३ ते २००२ ही बॉस्टनच्या इतिहासातली सर्वांत लांब कारकीर्द. सुरुवातीची वर्षे भरीव होती : बर्लिओझ, रावेल, मालर, नवी संगीतरचना, १९७९ साली चीनचा दौरा. १९९०च्या दशकात मात्र वाद्यवृंदाची धार गेली अशी टीका वाढली, आणि टँगलवूडच्या संगीतशाळेच्या कारभारावरूनही वाद झाले. टीका सगळीच खोटी नव्हती. ज्या माणसाचे बळ ताजेपणात आणि शारीरिक चपळाईत आहे, त्याने तिसऱ्यांदा-चौथ्यांदा तीच सिंफनी त्याच वादकांकडून काढायची, यात दोघांचाही उत्साह ओसरतो. पण टँगलवूडला १९९४ साली उघडलेले सभागृह त्यांच्याच नावाचे आहे, आणि ते वाजवायला-ऐकायला उत्तम आहे, हेही नोंदवले पाहिजे.

व्हिएन्नाचे काम वेगळ्या जातीचे. तिथे वर्षाला सुमारे ३०० प्रयोग होतात आणि जवळजवळ रोज वेगळा ऑपेरा असतो. आधी बसवलेला ऑपेरा पुन्हा लावताना कंडक्टरला ऑर्केस्ट्राबरोबर एकही तालीम न मिळणे नेहमीचे. जगप्रसिद्ध व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक याच पिटमधून येतात. ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात तीन वर्षे वाजवल्यावरच फिलहार्मोनिकसाठी अर्ज करता येतो. म्हणजे समोरच्या माणसांना ऑपेरा तोंडपाठ असतो, तुमच्यापेक्षा जास्त. अशा ठिकाणी हात स्पष्ट ठेवून वादकांना वाजवू देणे हेच शहाणपण. चायकोव्हस्कीचा ‘येवगेनी ओनेगिन’ तिथे ओझावांनी १९८८ सालीच केला होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातले १९९२चे पदार्पणही त्याच ऑपेराने झाले. संगीत संचालक म्हणून २००२ ते २०१० ही आठ वर्षे, आणि २००२च्या नववर्ष मैफलीने त्यांना घराघरात नेले. शेवटची वर्षे आजारपणात गेली. २०१०च्या सुरुवातीला अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान जाहीर झाले, आणि त्या वर्षी जपानमधल्या मात्सुमोतोच्या महोत्सवात ते चायकोव्हस्कीच्या तंतुवाद्यांसाठीच्या सेरेनेडचा फक्त पहिला भाग करू शकले.

प्रश्न (कामठी) : आमच्याकडे ड्रॅगन पॅलेसमुळे जपानी पाहुण्यांचे येणे-जाणे असते, म्हणून कुतूहल. ऑपेराच्या क्षेत्रात वर आलेला ओझावांखेरीज कुणी जपानी आहे का?

उत्तर : आहेत. काझुशी ओनो यांचा मार्ग तर जास्त शिस्तशीर ऑपेराचा : झाग्रेबचा वाद्यवृंद (१९९०–९६), जर्मनीत कार्ल्सरूहचे नाट्यगृह (१९९६–२००२), ब्रुसेल्सचे ला मोने (२००२–०८), लिऑन ऑपेरा (२००८–१७), आणि २०१८ पासून टोकियोच्या न्यू नॅशनल थिएटरच्या ऑपेरा विभागाची सूत्रे. हिरोशी वाकासुगी यांनी १९८०च्या दशकात ड्युसेलडॉर्फच्या ऑपेरात मोठे पद सांभाळले. तरुणांमध्ये काझुकी यामादा यांनी २००९ साली आणि नोदोका ओकिसावा यांनी २०१९ साली बेझाँसोंची स्पर्धा जिंकली.

प्रश्न (धरमपेठ) : मुलगी १५ वर्षांची आहे, सात वर्षे व्हायोलिन शिकते आणि कंडक्टर व्हायचे म्हणते. नागपुरात राहून काय करता येईल? उगाच आशा दाखवू नका.

उत्तर : नागपुरात पूर्ण सिंफनी वाद्यवृंद नाही. त्यामुळे शेवटचा टप्पा इथे होणार नाही, हे आधीच सांगतो. पहिली पाच-सहा वर्षे मात्र इथे नक्की होतात, आणि बहुतेक मुले अडखळतात ती त्याच टप्प्यात.

व्हायोलिन सोडू नये. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या परीक्षांत आठव्या श्रेणीपर्यंत ते न्यावे. एबीआरएसएममध्ये सहाव्या श्रेणीच्या आधी शास्त्राची पाचवी श्रेणी उत्तीर्ण असावी लागते, त्यामुळे शास्त्र आपोआप होते. ट्रिनिटीत तशी अट नाही, तिथे स्वतःहून करावे. आजच पियानो सुरू करावा. कीबोर्ड चालेल, पण ८८ पट्ट्यांचा आणि दाबानुसार आवाज बदलणारा हवा. मैफलीत वाजवण्याइतका हात बसला नाही तरी चालेल. चार ओळी एकदम वाचता आल्या पाहिजेत.

स्वरलिपी वाचायचा क्रम असा ठेवा. आधी मोत्सार्ट किंवा हायडनचे तंतुवाद्य चौकडीचे संगीत : चार ओळी, आणि व्हियोलाची वेगळी खूण, जिच्यात मधली रेघ म्हणजे मधला सा, पांढरी एक. एक ओळ गायची आणि दुसरी वाजवायची. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नये, आणि याला सहा महिने लागले तर ते योग्यच आहे. मग मोत्सार्टची २९वी सिंफनी : दोन ओबो, दोन हॉर्न आणि तंतुवाद्ये, बस. हॉर्नची ओळ इथे बदललेल्या पट्टीत लिहिलेली असते. कागदावर पांढरी एक असली की ऐकू येते त्याखालची पांढरी सहा. नंतर क्लॅरिनेट येतात, त्यातल्या बी फ्लॅटच्या वाद्यात पांढरी एक लिहिली की वाजते खालची काळी पाच. हार्मोनियमवर पट्टी बदलायची सवय असलेल्या मुलांना हे फार जड जात नाही, इंग्रजी पुस्तक उगाच घाबरवते. स्वामित्वहक्क संपलेल्या स्वरलिप्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, त्यामुळे बीथोव्हन मोकळा आहे. मेसियाँ (निधन १९९२) आणि जपानी रचनाकार ताकेमित्सु (निधन १९९६) नाहीत.

एक गोष्ट मात्र मुळीच करू देऊ नका : रेकॉर्ड लावून आरशासमोर हात हलवणे. आवाज आधी येतो आणि हात त्याच्या मागे जातो. ही सवय दोन वर्षे लागली, तर जिवंत वादकांसमोर हात कायम उशिरा पडतो आणि कारण कुणालाच सापडत नाही. त्यापेक्षा दोन मैत्रिणींना समोर बसवा, एक व्हायोलिन, एक कीबोर्ड. तिने गती न सांगता फक्त उचल द्यावी आणि त्यांनी वाजवावे. दोघींची सुरुवात एकत्र झाली नाही, तर दोष उचलीचा धरायचा.

मोठा वाद्यवृंद प्रत्यक्ष पाहणेही गरजेचे आहे. २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात वाजवतो; विदर्भ एक्सप्रेसने रात्रभरात पोहोचता येते. जाण्यापूर्वी कार्यक्रमातल्या एका रचनेची स्वरलिपी वाचून जावे, तिन्ही रचनांची नको. पचमढीला सैन्याची संगीतशाळा आहे आणि तिथे बँडमास्टर तयार होतात, पण ती सेनादलातल्यांसाठी. बारावीनंतर चेन्नईची केएम कॉन्झर्व्हेटरी, नाहीतर सरळ परदेश. बहुतेक संस्थांत प्रवेशाला एक वाद्य उत्तम, पियानोवर स्वरलिपी वाचन, कानाची परीक्षा आणि वादकांसमोर वीस-एक मिनिटे, एवढे लागते. कानाच्या परीक्षेत कधीकधी वादकांच्या कागदांवर मुद्दाम चुका पेरतात आणि त्या ओळखायला सांगतात. घरी सराव करायचा तर त्याच दोन मैत्रिणींपैकी एकीला गुपचूप एक स्वर बदलून वाजवायला सांगा.

वयाची घाई नाही. मोठ्या स्पर्धा साधारण पस्तिशीच्या आतल्यांसाठी असतात. ऑपेराकडे ओढा असेल, तर आतापासून इटालियन आणि जर्मन शब्दांचे उच्चार शिकावेत. ऑपेरागृहात नवख्याला पहिले काम मिळते ते गायकांना पियानोवर तयार करण्याचे. ओझावांनाही ही बाजू आपल्याला उशिरा मिळाल्याचे ठाऊक होते. त्यांनी २००० साली जपानमध्ये तरुण वादकांसाठी ‘ओंगाकु-जुकु’ ही संगीतशाळा काढली, ती ऑपेरा बसवूनच शिकवणारी.

प्रश्न (मनीषनगर) : ऐकायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ताकेमित्सु यांच्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’पासून करा. सुमारे २० मिनिटे. शाकुहाची ही बांबूची बासरी, बिवा हे तंतुवाद्य आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ वर्षांनिमित्त १९६७च्या नोव्हेंबरात ओझावांनीच ती पहिल्यांदा सादर केली. एका मोठ्या भागात ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि ती दोन वाद्येच बोलतात. आलाप ऐकायची सवय असलेल्यांना तिथे परके वाटणार नाही. त्यानंतर टोरांटोच्या वाद्यवृंदाने वाजवलेली मेसियाँची ‘तुरांगालीला’ सिंफनी, मग साइतो किनेन ऑर्केस्ट्राचा ब्राम्स. साइतोंच्या स्मरणार्थ १९८४ साली त्यांच्या शिष्यांनी उभारलेला हा वाद्यवृंद. १९९२ पासून मात्सुमोतोला त्याचा महोत्सव होतो. ऑपेरा हवा असेल तर याच वाद्यवृंदाचा रावेलचा छोटा, पाऊण तासाचा ‘लाँफाँ ए ले सॉर्तिलेज’. त्याला २०१६ साली ग्रॅमी मिळाला. वाग्नरपासून सुरुवात करू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी.

प्रश्न (सदर) : आमच्या चर्चमध्ये तीसेक जणांचा कॉयर आहे, साथीला कीबोर्ड. नाताळाच्या गीतांत दोन तक्रारी नेहमीच्या : चौथ्या कडव्यापर्यंत गती रेंगाळते, आणि कीबोर्ड थांबवून गायले की स्वर उतरतो. ओझावांचे शास्त्र आम्हाला काही उपयोगी आहे का?

उत्तर : आहे, आणि दोन्ही तक्रारींचे मूळ बरेचसे एकच आहे. कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला कॉयर थांबतो आणि कंडक्टर त्याची वाट पाहतो. प्रत्येक कडव्यामागे अर्धी मात्रा गेली, तरी चौथ्यापर्यंत गाणे जड झालेले असते. शेवटचा स्वर किती मात्रांचा आणि तो कुठल्या ठोक्यावर तोडायचा हे आकड्याने सांगा. चार मात्रांचा स्वर असेल तर तीनवर तोडा, चौथ्यावर तुमची उचल आणि त्यांचा श्वास एकत्र. उचल देताना तुम्हीही तोंडाने श्वास घ्या, म्हणजे पाहणाऱ्यांचा आपोआप होतो. ठोक्याचा बिंदू कमरेच्या थोडा वर, रोज त्याच उंचीवर ठेवा. हात डोक्यापर्यंत जाऊ लागला की आवाज मोठा होतो, गती पडते, आणि मागच्या रांगेला बिंदू दिसेनासा होतो.

स्वर उतरतो तो विशेषतः एकच स्वर पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींत आणि उतरत्या अर्ध्या स्वरांच्या जागी. अशा जागा पेन्सिलीने खुणा करून वेगळ्या घोटा, तिथे ‘नु’ अक्षरावर हळू आवाजात गाऊन घ्या. गाणे अर्ध्या पट्टीने वर नेऊन पाहा. पांढरी चारमध्ये कायम उतरणारे गीत काळी तीनमध्ये बऱ्याचदा जागेवर राहते, कारण गळ्याची अवघड जागा वेगळ्या स्वरावर येते. कीबोर्डला प्रत्येक कडव्यानंतर एकच स्वर, अगदी हळू, वाजवायला सांगा. दीड तासाच्या तालमीत हे काम पहिल्या अर्ध्या तासात उरका, थकलेला गळा आणखी उतरतो. आणि शेवटच्या शब्दाचा अंत्य ‘न’ किंवा ‘म’ सगळ्यांनी तोडायच्या ठोक्यावरच म्हणायचा. आधी म्हटला की स्वर बंद होतो आणि तिसऱ्या रांगेतले चार पुरुष एकटेच आ वासून गात राहतात.